वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या कशा निवडाव्यात

बॅरिआट्रिक शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला घरी सोडताना जीवनसत्त्वांच्या आणि खनिजांच्या चार-पाच गोळ्या लिहून दिलेल्या असतात. पहिले काही महिने त्या नेमाने घेतल्या जातात. पुढे एखादी गोळी दुकानात मिळत नाही, दुकानदार "यातही तेच आहे" असे सांगून दुसरी देतो, एखादी पचत नाही म्हणून बंद होते, आणि वर्ष-दीड वर्षात हातात एकच साधी मल्टिव्हिटॅमिन उरते. वजन उतरलेले असते, तब्येत उत्तम वाटत असते, त्यामुळे काही बिघडते आहे असे कोणालाच वाटत नाही. पण या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात, आणि त्यातली कोणती पुरेशी आहे हे पुढचे रंगीत नाव पाहून कळत नाही. स्ट्रिपच्या मागचा बारीक मजकूर वाचून तो आपल्या शस्त्रक्रियेच्या गरजेशी ताडून पाहणे, हेच निवडीचे खरे काम आहे.

गरज शस्त्रक्रियेच्या प्रकारावर ठरते, म्हणून आपली नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली हे प्रत्येक रुग्णाला ठाऊक असायलाच हवे. स्लीव्ह या शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढून टाकला जातो. त्यामुळे आम्ल कमी होते आणि बी-12 शोषण्यासाठी जठरात तयार होणारा इंट्रिन्सिक फॅक्टरही घटतो. जठराच्या बायपास आणि मिनी बायपास शस्त्रक्रियांमध्ये याशिवाय लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला जातो, आणि लोह व कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषले जाते. ड्युओडेनल स्विचमध्ये आतड्याचा आणखी मोठा भाग बाजूला पडतो. तिथे स्निग्ध पदार्थांबरोबर शोषली जाणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही कमी पडू लागतात, म्हणून अशा रुग्णांचे प्रमाण तज्ज्ञांनीच ठरवावे लागते. पुढे दिलेले आकडे अमेरिकेतील बॅरिआट्रिक शल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांवर बहुतांशी आधारलेले आहेत आणि ते मुख्यतः स्लीव्ह व बायपाससाठी आहेत. आपल्या डॉक्टरांनी रक्ततपासणी पाहून वेगळे प्रमाण दिले असेल, तर तेच पाळावे.

दुकानात सहज मिळणाऱ्या मल्टिव्हिटॅमिनच्या वेष्टनावर "रोजच्या गरजेच्या 100 टक्के" असे लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याला ते पुरेसे वाटते. ती गरज शाबूत जठर-आतडी असलेल्या निरोगी माणसाची असते. निरोगी माणसाला बी-12 रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम पुरते, तर शस्त्रक्रिया झालेल्याला तोंडावाटे रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅम घ्यावे लागते. इतका मोठा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. इंट्रिन्सिक फॅक्टरच्या मदतीशिवाय बी-12 च्या मोठ्या मात्रेचा जेमतेम एक टक्का भाग रक्तात उतरतो, म्हणजे 1000 मायक्रोग्रॅममधून सुमारे 10. आपल्याकडे मिथाइलकोबालामिनच्या, म्हणजे बी-12 च्याच एका रूपाच्या, 500 आणि 1500 मायक्रोग्रॅमच्या गोळ्या सर्रास मिळतात, आणि ज्यांना गोळ्या जमत नाहीत त्यांना महिन्याला 1000 मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन घेता येते. मात्र एका गोष्टीकडे काटेकोर लक्ष द्यावे. आपल्या बाजारात मिथाइलकोबालामिन हे प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधांबरोबर एकत्र करूनही विकले जाते. नुसत्या बी-12 साठी अशी गोळी चुकूनही घेऊ नये. तिने गुंगी येते आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे औषध नाही. शाकाहारी घरांत शस्त्रक्रियेच्या आधीच बी-12 कमी असण्याची शक्यता मोठी असते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी पँटोप्राझोलसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या शरीरातले बी-12 आणखी खाली जाते. अशांनी मर्यादेच्या खालच्या टोकावर समाधान मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोह आणि कॅल्शियमच्या बाबतीत मजकूर वाचण्याची कसोटी आणखी कठीण असते, कारण स्ट्रिपवर दोन आकडे असतात. एक आकडा क्षाराचा आणि दुसरा त्यातून प्रत्यक्ष मिळणाऱ्या धातूचा, ज्याच्या आधी "एलिमेंटल" असे छापलेले असते. हिशेब नेहमी या दुसऱ्या आकड्याने करायचा. फेरस फ्युमरेटमध्ये सुमारे एक तृतीयांश लोह असते, तर फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम 12 टक्के. त्यामुळे 300 मिलिग्रॅम लिहिलेल्या दोन गोळ्यांपैकी एकीतून जवळपास 100 मिलिग्रॅम लोह मिळते आणि दुसरीतून 36. पाळी येणाऱ्या स्त्रियांना, तसेच स्लीव्ह व बायपास झालेल्यांना रोज 45 ते 60 मिलिग्रॅम एलिमेंटल लोह लागते. ज्यांना पूर्वी कधी रक्तक्षय झालेला नाही अशा, कमी जोखमीच्या पुरुषांना 18 मिलिग्रॅम पुरू शकते. आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्या 100 मिलिग्रॅमच्या असतात. त्या रक्तक्षय भरून काढण्यासाठी उपयोगी आहेत, पण रोजच्या देखभालीसाठी तेवढ्या मात्रेची गरज नसू शकते. लोहाने बद्धकोष्ठ होते म्हणून पुष्कळजण ते परस्पर सोडतात. त्याऐवजी क्षार बदलून किंवा कमी मात्रेची गोळी घेऊन पाहण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. तोंडावाटे घेतलेले लोह शोषलेच जात नसेल, तर शिरेतून लोह देण्याची सोय असते.

कॅल्शियमचा हिशेब असाच करावा, पण त्यात आहारातले कॅल्शियमही धरावे. सर्व मार्गांनी मिळून दिवसाला 1200 ते 1500 मिलिग्रॅम हे उद्दिष्ट असते. 200 मिलिलिटर गायीच्या दुधातून साधारण सव्वादोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम मिळते. बाजारातली नेहमीची गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असते. 1250 मिलिग्रॅम कार्बोनेटमधून 500 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, त्यामुळे कमी गोळ्यांत काम भागते. पण कार्बोनेट शोषले जाण्यासाठी जठरातले आम्ल लागते, आणि शस्त्रक्रियेनंतर नेमके तेच कमी झालेले असते. कॅल्शियम सायट्रेटला आम्लाची तेवढी गरज नसते, ते जेवणाबरोबर किंवा जेवणाशिवाय कसेही घेता येते आणि मूतखड्याचा त्रास होणाऱ्यांसाठीही ते अधिक योग्य ठरते. सायट्रेटची अडचण इतकीच की त्यात केवळ 21 टक्के कॅल्शियम असते, म्हणून 1000 मिलिग्रॅमच्या एका गोळीतून 210 मिलिग्रॅम हाती लागते आणि गोळ्यांची संख्या वाढते. बायपास झालेल्याने आणि पँटोप्राझोल घेणाऱ्याने ही गैरसोय पत्करून सायट्रेटच निवडावे. कार्बोनेटच घ्यायचे झाल्यास ते जेवणाबरोबर घ्यावे. शरीर एका वेळी 500 ते 600 मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅल्शियम नीट शोषू शकत नाही, म्हणून दिवसभराची मात्रा दोन-तीन वेळांत विभागावी.

कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले की कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते, म्हणून दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. सगळे काही एकाच गोळीत असल्याचा दावा करणारे उत्पादन पुरेसे नसण्याचे हेही एक कारण आहे. मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह असेल, तर तीही लोहाची गोळी समजूनच तिची वेळ ठरवावी. लोह चहाबरोबर घेऊ नये, त्याच्या आधी व नंतर निदान तासभर चहा टाळावा. लिंबूपाण्याबरोबर घेतलेले चांगले. थायरॉइडची गोळी पहाटे घेणाऱ्यांनी तिच्यानंतर चार तास लोह किंवा कॅल्शियम घेऊ नये. उपवासाच्या दिवशीही गोळ्या सोडू नयेत.

ड जीवनसत्त्व रोज 3000 आययू (आंतरराष्ट्रीय एकके), म्हणजे 75 मायक्रोग्रॅम, घेऊन रक्तातली पातळी 30 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर ठेवणे हे ध्येय असते. कॅल्शियमच्या गोळीत आधीच असलेले ड जीवनसत्त्व या हिशेबात धरावे. ते बहुधा 250 किंवा 500 आययू असते, म्हणजे एकट्याने पुरत नाही. आपल्याकडे आठवड्याला 60,000 आययूची पुडी किंवा कॅप्सूल देण्याची पद्धत आहे. रोजची सरासरी काढली तर ती साडेआठ हजारांच्या आसपास जाते. कमतरता भरून काढण्यासाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या आठवड्यांपुरती ती योग्य आहे, पण स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षे चालू ठेवली तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

बी-1, म्हणजे थायामिन, याबद्दल मला सर्वांत अधिक काळजी वाटते. बी-12 चा साठा शरीरात काही वर्षे पुरू शकतो, थायामिनचा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. रोज किमान 12 मिलिग्रॅम हवे आणि बी-कॉम्प्लेक्समधून 50 मिलिग्रॅम किंवा अधिक मिळाले तर उत्तम. निरोगी माणसासाठी बनवलेल्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते बहुधा एक-दीड मिलिग्रॅमच असते. शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होत असतील, खाणे जवळजवळ बंद झाले असेल आणि त्यात चालताना तोल जाणे, एकाची दोन दृश्ये दिसणे किंवा गोंधळल्यासारखे वागणे सुरू झाले, तर ती तातडीची अवस्था आहे. अशा वेळी गोळीची वाट पाहू नये. रुग्णालयात पोहोचताच बॅरिआट्रिक शस्त्रक्रिया झाल्याचे सांगावे आणि ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी थायामिनचे इंजेक्शन देण्याची आठवण करावी, कारण थायामिनशिवाय ग्लुकोज दिल्यास मेंदूची हानी वाढू शकते. ही गोष्ट घरातल्या माणसांनाही आधीच सांगून ठेवावी, कारण त्या क्षणी रुग्णाला स्वतःला बोलता येईलच असे नाही.

फॉलिक ॲसिड 400 ते 800 मायक्रोग्रॅम पुरते. सहज मिळणारी 5 मिलिग्रॅमची गोळी कारण नसताना रोज घेऊ नये. एक मिलिग्रॅमहून अधिक फॉलिक ॲसिडने बी-12 ची कमतरता रक्ताच्या अहवालात झाकली जाते आणि नसांचे नुकसान आतून चालू राहते. अ जीवनसत्त्व 5000 ते 10,000 आययू लागते. जस्ताच्या बाबतीत अतिरेक टाळावा. केस गळू लागले की 50 मिलिग्रॅमची जस्ताची गोळी सुरू केली जाते, पण जादा जस्त तांब्याचे शोषण रोखते आणि तांबे कमी पडले की रक्तक्षय व पायांना बधिरपणा येऊ शकतो. बायपासनंतर जस्त 8 ते 22 मिलिग्रॅम आणि तांबे 2 मिलिग्रॅम, तर स्लीव्हनंतर जस्त 8 ते 11 आणि तांबे 1 मिलिग्रॅम हे प्रमाण असते. शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांत होणारी केसगळती बहुतांशी झपाट्याने वजन उतरल्यामुळे होते आणि आपोआप थांबते. त्या काळात प्रथिने आणि लोह पुरेसे मिळते आहे का, याकडे आधी लक्ष द्यावे.

सुरुवातीच्या आठवड्यांत चघळायच्या गोळ्या, द्रवरूप औषधे किंवा पावडर सोयीची पडते. गमी, म्हणजे जेलीसारख्या गोड गोळ्या, मात्र घेऊ नयेत. बहुतेक गमींमध्ये लोह नसते आणि इतर घटकही अपुरे असतात. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या टाळाव्यात, कारण वगळलेल्या आतड्यामुळे त्यांना पुरेसा वेळ मिळत नाही. घटक आणि प्रमाण तेच असेल तर जेनेरिक गोळी घेण्यास हरकत नाही. औषधांचा खर्च आयुष्यभराचा असताना जनऔषधी केंद्रातली किंमत विचारून पाहावी.

मूल हवे असलेल्या स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर 12 ते 18 महिने गर्भधारणा पुढे ढकलावी. गर्भधारणेची शक्यता असेल तेव्हा फॉलिक ॲसिड 800 ते 1000 मायक्रोग्रॅम असावे आणि अ जीवनसत्त्व रेटिनॉलऐवजी बीटा कॅरोटीनच्या रूपात असलेली गोळी मागावी, कारण रेटिनॉलच्या जादा मात्रेने गर्भाला इजा होऊ शकते.

निवड बरोबर आहे की नाही, हे अखेर रक्तच सांगते. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी करावी. हिमोग्लोबिनच्या जोडीला फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, हवीच, कारण लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरते. रक्तातले कॅल्शियम नॉर्मल आले म्हणून निश्चिंत होऊ नये. शरीर ते हाडांतून काढूनही पातळी राखते, आणि हे पीटीएच (हाडांतून कॅल्शियम काढायला लावणारे संप्रेरक) व ड जीवनसत्त्वाच्या तपासणीतूनच उघड होते. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असल्यास प्रयोगशाळेला तसे सांगावे आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी त्या थांबवाव्यात, कारण बायोटिनमुळे थायरॉइडसह काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. डॉक्टरांकडे जाताना अहवालाबरोबर आपण घेत असलेल्या प्रत्येक गोळीची रिकामी स्ट्रिपही न्यावी, म्हणजे मागचा मजकूर त्यांनाही वाचता येईल.