समेशन (सिग्नलच्या परिणामांची बेरीज) शिकताना या चुका टाळा: बेरीज नक्की कशाची होते ते आधी बघा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे "सिग्नल लागोपाठ आले की ॲक्शन पोटेन्शियल मोठं होतं" असं लिहून मोकळं होणं. नाही होत! ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे पेशीच्या पडद्यावरून धावणारा विजेचा झटका, एकतर पूर्ण येतं नाहीतर येतच नाही. बेरीज होते ती न्यूरॉनमध्ये (चेतापेशीत) त्याच्या आधीच्या छोट्या व्होल्टेज बदलांची आणि स्नायूत त्याच्यानंतर येणाऱ्या ताणाची, आणि या दोन गोष्टी एकत्र कालवल्या की पुढचं सगळंच चुकत जातं.

न्यूरॉन शांत असताना साधारण उणे ७० मिलिव्होल्टवर असतो, थ्रेशोल्ड, म्हणजे जिथे पोचल्यावर ॲक्शन पोटेन्शियल सुटतं ती पातळी, उणे ५५ च्या आसपास. एक सिनॅप्स (दुसऱ्या न्यूरॉनकडून सिग्नल येतो तो जोड) एकटा बहुतेक वेळा जेमतेम मिलिव्होल्टभर किंवा त्याहून कमीच ढकलतो, पण तो धक्का विरायच्या आत त्याच सिनॅप्सवर दुसरा आला तर टेम्पोरल समेशन, आणि वेगवेगळ्या सिनॅप्सवरून एकदम आले तर स्पेशियल. इन्हिबिटरी (न्यूरॉनला थ्रेशोल्डपासून रोखणारे) सिग्नल या हिशोबात वजा होतात, ते बरेच जण विसरतात.

आता स्नायू. इथे ॲक्शन पोटेन्शियल २ ते ५ मिलिसेकंदांत आटपतं पण ट्विच (एका सिग्नलने होणारं एक आकुंचन) त्याच्या कितीतरी पट चालते, म्हणजे आकुंचन चालू असतानाच फायबर (स्नायूचा तंतू) पुढच्या सिग्नलला तयार झालेला असतो, आणि आकुंचन घडवणारं आधीचं कॅल्शियम पूर्ण साठ्यात परत ओढलं जायच्या आधीच नवीन सुटतं. शिवाय एका ट्विचचा बराच जोर टेंडनसारखे (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) लवचिक भाग ताणण्यातच जातो, ते ताणलेले असतानाच पुढचा सिग्नल आला की ताण आणखी वर चढतो. सिग्नलची फ्रीक्वेन्सी वाढवत नेली की शेवटी टेटॅनस, म्हणजे मधे सैल न पडणारं सलग आकुंचन (इथे धनुर्वात हा आजार नव्हे). आणि हो, निरोगी मज्जातंतू-स्नायू जोडावर फायबर पेटवायला एकच सिग्नल पुरतो, तिथे न्यूरॉनसारखी बेरीज दाखवू नका.

स्नायूला विजेचे झटके (स्टिम्युलस) देऊन ताणाचा ग्राफ काढायच्या प्रॅक्टिकलमध्ये व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी एकाच वेळी वाढवायची नाही म्हणजे नाही. व्होल्टेज वाढलं की जास्त फायबर कामाला लागतात, मग ग्राफ उंच झाला तो कशामुळे हे सांगताच येत नाही. आधी सगळे फायबर पेटतील एवढं व्होल्टेज ठेवा, मग फक्त फ्रीक्वेन्सी बदला. दुसरं शिखर पहिल्याएवढंच आलं तर दोन स्टिम्युलसमधलं अंतर जास्त झालंय, स्नायू मधे पूर्ण सैल पडतोय. दुसऱ्या स्टिम्युलसला काहीच प्रतिसाद नाही तर तो रिफ्रॅक्टरी पिरियडमध्ये (ॲक्शन पोटेन्शियलनंतर पेशी नवा सिग्नल घेत नाही तो काळ) पडलाय, अंतर थोडं वाढवा. आणि टेटॅनस चालू असताना रेघ हळूहळू खाली यायला लागली तर स्नायू थकलाय, सेटिंगला हात न लावता त्याला विश्रांती द्या.

हृदयाच्या स्नायूला मात्र हे सगळं लावू नका, त्याचं ॲक्शन पोटेन्शियलच २०० ते ३०० मिलिसेकंद चालतं, रिफ्रॅक्टरी संपेपर्यंत आकुंचनही जवळपास ओसरलेलं असतं, त्यामुळे तिथे टेटॅनस होत नाही.