क्रोम सोडून फायरफॉक्सवर येताना

फायरफॉक्स टाकल्यावर सेटिंग्जमधल्या ‘इम्पोर्ट ब्राउझर डेटा’मधून बुकमार्क आणि हिस्ट्री लगेच येतात. पासवर्डचं मात्र तिथे बरेचदा अडतं. ते क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा आणि फायरफॉक्सच्या पासवर्ड पानावर, कोपऱ्यातल्या तीन टिंबांमधून ती फाइल आत घ्या. या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडेवाघडे लिहिलेले असतात, म्हणून काम झालं की ती लगेच डिलीट करा. रिसायकल बिनमधूनसुद्धा. हे बहुतेक जण विसरतात.

मग यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) घ्या, तेही फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या अ‍ॅड-ऑन्स साइटवरूनच. मिळत्याजुळत्या नावाची दुसरी एक्स्टेन्शन्स असतात, त्यामुळे ‘ओरिजिन’ हा शब्द बघूनच बटण दाबा. क्रोमच्या नव्या नियमांमुळे तिथे त्याची फक्त ‘लाइट’ आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर पूर्ण चालते, अँड्रॉइड फोनवरही. माझ्या मते ब्राउझर बदलायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

सोबत दुसरा अ‍ॅडब्लॉकर ठेवू नका. दोघे एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि पानं मोडतात. बँकेचं किंवा तिकिटाचं पान अर्धवट उघडलं, तर यूब्लॉकच्या चिन्हावर क्लिक करून मोठं पॉवर बटण बंद करा आणि पान रीलोड करा. तो फक्त त्या साइटपुरता बंद होतो. प्रायव्हेट विंडोत एक्स्टेन्शन चालत नसेल, तर त्याच्या तपशिलात जाऊन वेगळी परवानगी द्या.