स्टाफ नर्सच्या मुलाखतीला काय घालाल?

स्टाफ नर्सची मुलाखत म्हणजे टेबलासमोर बसून प्रश्नोत्तरं एवढंच धरून कपडे निवडू नका. काही रुग्णालयांत डमीवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देण्याचा उपचार) करायला लावतात, हात धुवून दाखवायला सांगतात. त्यामुळे आधी बघायचं ते एवढंच: या कपड्यात गुडघ्यावर बसता येतं का आणि बाही कोपराच्या वर सरकते का.

मुलींना सगळ्यात सोयीचा गुडघ्यापर्यंतचा, बाजूला कट असलेला सुती कुर्ता आणि सरळ पँट. ओढणी घेणार असाल तर दोन्ही खांद्यांवर पिना लावून टोकांची मागे गाठ मारा. सीपीआरसाठी वाकलं की मोकळी ओढणी डमीच्या तोंडावर येते. मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे असताना ती सावरायला हात उचलला की लय तुटलीच. पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरी स्लिप उठून दिसते, अंगाच्या रंगाची घाला. साडी रोजच्या सवयीची असेल तरच नेसा.

मुलांनी फिकट शर्ट, गडद पँट. दाढी असेल तर ती मास्कच्या कडेच्या आत राहील इतकी बारीक करा, कारण कडेखाली केस आले की एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसत नाही.

हातांकडे मात्र जास्त वेळ द्या, पॅनेलची नजर तिथे जातेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार नखं अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा लांब नकोत, कृत्रिम नखं तर नकोतच. नेलपॉलिश आदल्या रात्रीच पुसा. अंगठीखाली ओल आणि जंतू राहतात. मनगटावरचा दोरा, बांगड्या, घड्याळ यांच्यामुळे मनगट नीट धुतलं जात नाही, म्हणून तेही उतरवून ठेवा. मंगळसूत्र काढायची गरज नाही, कुर्त्याच्या आत घ्या. नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो, तेव्हा छातीला लावायचं घड्याळ असेल तर उत्तम.

केसांचा घट्ट अंबाडा घाला. गजरा आणि अत्तर टाळा, दमेकऱ्याला वास सोसत नाही.

बूट पुढून बंद, रबरी तळाचे हवेत. नवे असतील तर आठवडाभर आधीपासून घरात वापरा, नाहीतर टाचेला चावतात.

आदल्या रात्री सगळं अंगावर चढवून हात वर करा, कमरेत वाका, गुडघ्यावर बसा. कुठे ताणलं, उघडं पडलं तर बदलायला वेळ असतो. पावसाळ्यात मोज्यांचा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि तिथे पोचल्यावर बदला.