पुण्यात बसून औष्णिक वीज केंद्राचा प्रदूषण अहवाल कसा तपासावा

एकलहरे, परळी, चंद्रपूर ही केंद्रे पुण्यापासून लांब आहेत. पण त्यांच्या धुराची आणि राखेची कागदपत्रे घरबसल्या मिळतात आणि प्रकरण तडीस न्यायचे तर राष्ट्रीय हरित लवादाचे (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचे) पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे.

आधी कागद गोळा करा. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या केंद्राला दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला सहामाही अनुपालन अहवाल द्यावा लागतो. तो केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर आणि कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र (केंद्र चालवण्याची अटींसह परवानगी) मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. फार जुन्या संचांना (केंद्रातल्या एकेका वीजनिर्मिती युनिटला) पर्यावरण मंजुरी नसू शकते. तिथे संमतीपत्र हाच आधार.

मग संचाचे वय पाहा, कारण मर्यादा त्यावर ठरते. 7 डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेनुसार 2003 अखेरपर्यंतच्या संचांना धूलिकणांची मर्यादा प्रति घनमीटर 100 मिलिग्रॅम, 2004 ते 2016 मधल्यांना 50 आणि 2017 पासूनच्यांना 30. एकलहऱ्याचे 210 मेगावॉटचे संच पहिल्या गटात येतात. संमतीपत्रात याहून कडक आकडा असेल तर तोच धरायचा. ‘संपूर्ण केंद्राची सरासरी’ दिली असेल तर ती मान्य करू नका. आकडा संचागणिक, चिमणीगणिक हवा.

सगळ्यात जास्त फसगत ऑक्सिजनपाशी होते. मर्यादा 6 टक्के ऑक्सिजन आणि कोरड्या वायूवर ठरवलेल्या आहेत. एअर प्रीहीटरच्या (भट्टीत जाणारी हवा धुराच्या उष्णतेने तापवणाऱ्या यंत्राच्या) गळतीतून बाहेरची हवा आत शिरली की धूर पातळ होतो आणि प्रदूषण तेवढेच असूनही आकडा खाली येतो. म्हणून मोजलेल्या आकड्याला 15 ने गुणा आणि 21 वजा मोजलेला ऑक्सिजन याने भागा. समजा, 2010 च्या संचाने 48 मिलिग्रॅम दाखवले, ऑक्सिजन 9 टक्के आहे आणि आकडा दुरुस्त केलेला नाही. 48 गुणिले 15 भागिले 12, म्हणजे 60. मर्यादा 50 ची. ऑक्सिजनचा रकाना नसलेल्या अहवालावर विश्वास ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सल्फर डायऑक्साइडचा आकडा कोळशावरून पडताळता येतो. 0.4 टक्के गंधकाचा एक किलो कोळसा जळला की सुमारे 8 ग्रॅम सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि धूर निघतो साधारण पाच-सहा घनमीटर. म्हणजे एफजीडी (धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा) नसेल तर आकडा घनमीटरमागे हजार मिलिग्रॅमच्या वर जायला हवा. एफजीडी नसताना 180 लिहिले असेल तर कोळशाचा आणि वायू मोजणाऱ्या यंत्राच्या कॅलिब्रेशनचा अहवाल मागा. मात्र एफजीडी नाही म्हणून लगेच नियमभंग झाला असे नाही. जुलै 2025 च्या अधिसूचनेने ‘क’ गटातल्या (मोठ्या शहरांपासून आणि प्रदूषित क्षेत्रांपासून दूर असलेल्या) केंद्रांना चिमणीच्या उंचीची अट पाळल्यास सल्फरच्या मर्यादेतून सूट दिली आहे. तेव्हा आधी केंद्राचा गट तपासा.

चिमणीवरच्या मापन यंत्राच्या ऑनलाइन नोंदीत तासन्तास एकच आकडा दिसला तर नमुना घेणारी नळी तुंबलेली असते किंवा यंत्र देखभालीवर ठेवलेले असते. लोड (संचाची त्या वेळची वीजनिर्मिती) बदलला की आकडा थोडा तरी हललाच पाहिजे. संच सुरू होतानाच्या नोंदी गायब आहेत का, हेही पाहा. त्या वेळी ईएसपी (धुरातली राख विजेच्या भाराने पकडणारे यंत्र) पूर्ण क्षमतेने चालत नसतो.

राखेचा हिशेब सोपा आहे. वर्षात 10 लाख टन कोळसा, त्यात 38 टक्के राख, म्हणजे 3 लाख 80 हजार टन. अहवालात 3 लाख टनच असेल तर उरलेली कुठे गेली, ते विचारा. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेनुसार न वापरलेल्या राखेवर टनामागे 1000 रुपये भरपाई लागते, त्यामुळे इथे आकडे सैल सोडून चालत नाही.

उरलेली माहिती माहिती अधिकारात मागा. मंडळाच्या पुण्यातल्या वाकडेवाडीच्या कार्यालयाकडे पुणे विभागाचेच काम असते. चंद्रपूरच्या केंद्राचा अर्ज मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाला करा, नाहीतर तो तिकडे वर्ग होण्यात दिवस जातात. शुल्क 10 रुपये. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, म्हणून चिमणी आणि राख यांचे अर्ज वेगळे ठेवा. मागणी अशी लिहा: ‘संच क्र. 3, जानेवारी महिना, दर 15 मिनिटांची नोंद, लोड आणि ऑक्सिजनसह, एक्सेल स्वरूपात.’ ‘प्रदूषणाची सर्व माहिती’ असे लिहिले तर गोलमाल उत्तर येते.

नियमभंग दिसला तर आधी मंडळाकडे लेखी तक्रार द्या आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या. लवादाकडे हरित लवाद कायद्याच्या कलम 14 खालचा अर्ज वादाचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो; सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात. मंडळाच्या उत्तराची वाट पाहत बसल्याने ही मुदत थांबत नाही. अर्ज वकिलाशिवायही करता येतो. नुकसानभरपाई मागितली नसेल तर शुल्क 1000 रुपये. अर्जाला अहवालाची पाने, ऑक्सिजन दुरुस्तीची आकडेमोड आणि तक्रारीची पोच जोडा.