मिलिटरी नर्सिंगचा फॉर्म वेगळा असतो

नीट (मेडिकल प्रवेशाची परीक्षा) दिली म्हणजे मिलिटरी नर्सिंगला (सैन्याच्या कॉलेजातलं बीएस्सी नर्सिंग) आपोआप नंबर लागेल असं धरून बऱ्याच मुली बसून राहतात आणि तारीख निघून जाते.

१. बारावी सायन्सला बायोलॉजी आणि इंग्लिश हवंच, नीट पण द्यायचीच.

२. नीटच्या निकालाच्या सुमारास जॉइन इंडियन आर्मीची साइट रोज उघडून बघा, बीएस्सी नर्सिंगचं रजिस्ट्रेशन तिथे वेगळं करावं लागतं.

३. नीटचं स्कोअरकार्ड, दहावीचं सर्टिफिकेट, फोटो, सही आधीच स्कॅन करून मोबाईलमध्ये एका फोल्डरमध्ये टाकून ठेवा म्हणजे सायबर कॅफेत शेवटच्या दिवशी पळापळ होत नाही, आणि पुण्याचं एएफएमसी (सैन्याचं मेडिकल कॉलेज), मुंबईचं अश्विनी (नौदलाचं हॉस्पिटल) हे कॉलेजचे पर्याय घरी बोलून ठरवूनच बसा.

नाव, जन्मतारीख मात्र दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तशीच टाका.