जंगलातून द्राक्षबागेत: माउंटन बाइकवर उतरताना

जंगलातली वाट अवघड दिसते, त्यामुळे तिथे कोणीही आपोआप सावध असतं. बोलणं थांबतं, बोटं ब्रेकवर येतात. तीच वाट झाडीतून बाहेर पडून द्राक्षबागेच्या रस्त्याला लागली की सगळे सुटतात. रस्ता रुंद, लांबपर्यंतचं दिसतंय, उतारही बेताचा. आणि लोक पडतात ते नेमके इथे. मी नवख्यांना घेऊन जाते तेव्हा मुळांवर किंवा दगडांवर कोणी आपटेल याची मला फारशी धास्ती नसते. बागेतला शेवटचा टप्पा संपेपर्यंत मात्र जीव टांगणीला लागलेला असतो. म्हणून जंगलाबद्दल जरुरीपुरतं सांगते आणि बागेबद्दल जरा सविस्तर.

आधी मार्ग. द्राक्षबागा बहुधा डोंगराच्या खालच्या, ऊन लागणाऱ्या उतारावर असतात आणि जंगल वर, माथ्याकडे. चढ शक्यतो बागेच्या रस्त्याने घ्या आणि उतरा जंगलातून. ट्रॅक्टरसाठी केलेला रस्ता एकसारखा चढतो, एका गिअरमध्ये लय धरून जाता येतं. सावली नसते, तेव्हा ऊन चढायच्या आत हा भाग उरकायचा. नकाशावर बागेतला कुठला रस्ता आरपार जातो आणि कुठला ओळींच्या टोकाशी संपतो ते आदल्या दिवशीच बघून ठेवा. रस्ता संपल्यावर मागे फिरायचा कंटाळा येतो, मग दोन ओळींमधून सायकल घालायचा मोह होतो. तो का टाळायचा ते पुढे येईलच. रस्ता खाजगी असेल तर आधी विचारा; विचारल्यावर मिळणारी परवानगी बहुतेकदा एखाद्या चांगल्या वाटेच्या माहितीसकट मिळते.

चढावर खोगिराच्या पुढच्या टोकाकडे सरका, कोपर खाली, छाती हँडलच्या दिशेने. पुढचं चाक उचलत असेल तर आणखी वाका. मागचं चाक जागच्या जागी फिरत असेल तर थोडं मागे बसा. गिअर चढ लागायच्या आधी हलका करा. पेडलवर सगळा जोर असताना गिअर बदलला की चेन कडकड करते. ती तक्रार असते, ऐका.

टायरमधली हवा अंगठ्याने दाबून ठरवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. गेज लावा. माझं वजन ६२ किलो, टायर २.४ इंची ट्यूबलेस. मी पुढे २० आणि मागे २३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवते. तुमचं वजन जास्त असेल तर दोन्हीकडे वाढवा, पण पुढे मागच्यापेक्षा थोडी कमीच असू द्या. आत ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय जास्त लागते, नाहीतर दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चेपते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. बागेतल्या टणक रस्त्यावर कमी हवेचा टायर जड वाटतो, आणि मग कोणीतरी पंप काढतो. तेवढी मेहनत सोसा. टम्म फुगलेला टायर पुढे जंगलात मुळावरून उडतो, जमीन धरत नाही. ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे बारीक भोकं बुजवणारा द्रव, काही महिन्यांत वाळतं. कधी भरलं ते आठवत नसेल तर बघून घ्या. पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा फोर्क हवेचा असेल तर तुम्ही पूर्ण सामानासकट सायकलवर उभे राहिल्यावर तो साधारण २० ते २५ टक्के दबला पाहिजे, म्हणजे पूर्ण दबल्यावर १२० मिलिमीटर जाणारा फोर्क २४ ते ३० मिलिमीटर.

आता जंगल. उतारावर खोगिरावरून उठायचं, दोन्ही पेडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपर वाकलेले. वजन पायांवर, हात हलके. हात हलके आहेत का ते तपासायला मी लोकांना चालत्या सायकलवर बोटं हलवून दाखवायला सांगते. हँडल आवळून धरलेल्या माणसाला ती हलवता येत नाहीत. नजर पुढच्या चाकावर नको. ज्या झाडाकडे बघाल त्या झाडावर जाल, म्हणून दोन झाडांमधल्या फटीकडे बघा.

ओलं मूळ जवळून बघा एकदा, थांबून, सायकल आडवी टाकून. साल जिथे चाकांनी घासून निघाली आहे तिथलं लाकूड गुळगुळीत आणि जरा फिकट दिसतं, आणि बोट फिरवलं तर साबणासारखं सरकतं. तिथे टायरला धरायला काहीच नाही. अशा मुळावर शक्यतो काटकोनात जायचं, आणि जाताना ब्रेक नाही, पेडल नाही, हँडल वळवणं नाही. वेग आधी कमी करा, मुळाच्या अलीकडे अंग जरा खाली दाबा आणि मुळावर हलकं सोडा, म्हणजे चाक त्यावरून नुसतं लोळत जातं. मूळ वाटेला तिरकं असेल तर पुढचं चाक त्याच्या रेषेत पळायला बघतं. तिथे थोडा वळसा घेऊन आधी काटकोन साधायचा. पालापाचोळ्याखाली काय आहे ते दिसत नाही, तेव्हा पानांच्या ढिगावर वळू नका.

ब्रेक वळणाच्या आधी. एकेक बोट दोन्ही लिव्हरवर, आणि पुढच्या ब्रेकला घाबरू नका, थांबवण्याचं बरंचसं काम तोच करतो. फक्त हळूहळू दाबा. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवला की तो तापतो. हे दुखणं या खेळाइतकंच जुनं आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या रस्त्यावर शर्यती लावायला लागली. त्या सायकलींना उलटं पेडल मारून लागणारा ब्रेक होता. एका उतरणीत हबमधलं ग्रीस तापून धूर व्हायचं आणि दर वेळी हब खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं, त्यावरून त्या उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं. आजचे डिस्क ब्रेक पुष्कळ चांगले आहेत, तरी ठरावीक जागी जोरात दाबून पुढे पूर्ण सोडून देणं, हाच प्रकार त्यांनाही मानवतो. चाक जाम करून घसरत जाऊ नका. त्या घसरणीची चरी पडते, पावसात तिच्यातून पाणी वाहतं आणि वर्षभरात वाटेचा ओहोळ होतो. डबकं आलं तर मधून जा. सगळे कडेने गेले की वाट दरवर्षी हातभर रुंद होते.

चढून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. चालणाऱ्यांना आवाज द्यायचा. घोडा दिसला तर थांबायचं, बोलायचं, माणसाचा आवाज ऐकून तो शांत होतो.

आणि मग जंगलाची कड. इथे मी सगळ्यांना थांबवते. सावलीतून एकदम उन्हात आल्यावर काही क्षण डोळे दिपतात आणि त्याच क्षणांत पायाखालची जमीन बदलते. उन्हातून सावलीत शिरणं तर जास्त वाईट, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला उजेडाच्या सवयीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. उजेडात आपोआप गडद होणाऱ्या काचाही फिक्या व्हायला वेळ घेतात. मी फिक्या रंगाचा साधा चश्मा घालते आणि कडेपाशी वेग अर्ध्यावर आणते.

जंगलातली माती मऊ असते, चाक तिच्यात थोडं रुततं, वळणावर टायरला आधार मिळतो. बागेचा रस्ता ट्रॅक्टरने दाबून टणक केलेला, आणि वर सुटी खडी. म्हणजे फरशीवर गोट्या. जंगलात चाललं त्या वेगाने इथे वळायला गेलात तर पुढचं चाक काही न सांगता निघून जातं. वेग सरळ भागातच कमी करा, वळताना सायकल कमी झुकवा, पुढचा ब्रेक वळणाच्या मध्यावर अजिबात नको. ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या असतात आणि मध्ये गवताचा पट्टा. एक चाकोरी धरा आणि तीच ठेवा. दुसरीत जायचंच असेल तर हळू होऊन, पुढचं चाक मुद्दाम उचलून जा. तिरकं घसरत गेलात तर चाकोरीची कड चाक धरून ठेवते आणि तुम्ही पुढे जाता.

गवताच्या पट्ट्यावर जाऊ नका, याला आणखी एक कारण आहे. छाटणीनंतर काड्या तिथे पडलेल्या असतात. वाळलेली द्राक्षाची काडी बोटाएवढी जाड आणि चिवट. मागच्या चाकाने उचलली की ती स्पोकमध्ये शिरते, चाकाबरोबर फिरते आणि डिरेलरला, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला, गाठते. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर बसतो तो हँगर मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, म्हणजे फ्रेमऐवजी तो मोडावा. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला की पेडल मारणं ताबडतोब थांबवा आणि उतरा. आणखी अर्धा फेरा मारलात तर डिरेलर स्पोकमध्ये जातो. आपल्याच फ्रेमचा जादा हँगर बॅगेत हवा. तो दुसऱ्याच्या सायकलचा बसत नाही. त्याबरोबर पंप, ट्यूब, ट्यूबलेसचे प्लग, मल्टिटूल आणि चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी). बस, याहून जास्त सामान मी नेत नाही. पाणी मात्र उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा.

ओळीच्या टोकाला शेवटच्या खांबाला ताण देणारी तार तिरकी जमिनीत गाडलेली असते. ती बारीक, गंजलेली, मातीच्या रंगाची, आणि संध्याकाळच्या उन्हात दिसत नाही. रस्त्याच्या आतल्या बाजूने वळण कापणाऱ्याचं हँडल किंवा पेडल तिच्यात अडकतं. खांबांपासून निदान एक सायकल आडवी बसेल एवढं अंतर ठेवा. ओळींच्या आत तर तारा, गुडघ्याच्या उंचीवर ठिबकची नळी, फळ पिकताना पक्ष्यांसाठी लावलेली जाळी. तिथे सायकलचं काही काम नाही. पक्षी हाकलायचे बार अचानक वाजतात, तेव्हा दचकून ब्रेक आवळू नका.

फवारणी चालू असेल तर थांबा किंवा लांबून वळसा घ्या. ब्लोअरचं धुकं वाऱ्याबरोबर दूरवर जातं. गंधक डोळ्यांना झोंबतं, आणि काही औषधांनंतर बागेत पाऊल टाकायलाही काही तास ते काही दिवस बंदी असते. रस्त्याकडेचे घड तोडायचे नाहीत हे तर आलंच. फ्रान्सच्या मेडॉक भागात याच कारणासाठी रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं मिश्रण मारत, वाटसरूंनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून. १८८२ मध्ये मिलार्डे या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेली केवडा रोगापासून वाचल्या आहेत. १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं, आणि हे निळं मिश्रण ‘बोर्डो मिश्रण’ म्हणून तेव्हापासून जगभर मारलं जातं.

काढणीच्या दिवसांत रस्ता कामाचा असतो. ट्रॅक्टर आला तर बाजूला होऊन उतरा, क्रेट रचत असतील तर चालत जा.

चाकांना चिकटलेली माती एका बागेतून दुसऱ्या बागेत नेऊ नका. द्राक्षाच्या मुळांवर जगणारी फायलोक्सेरा नावाची बारीक कीड १८६० च्या दशकात अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचली आणि तिने तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या. शेवटी अमेरिकी खुंटावर कलम करूनच द्राक्षं वाचली. ही कीड आजही बूट, अवजारं आणि चाकांच्या मातीतून प्रवास करते. काही ठिकाणी त्यासाठी कडक नियम आहेत. टायरच्या खाचांतली माती काडीने तिथल्या तिथे काढा, बूट घासा, आणि घरी पोहोचल्यावर दोन्ही धुवा. प्रेशरची धार मात्र हब आणि बेअरिंगवर मारू नका, ग्रीस निघून जातं. नुसतं पाणी आणि ब्रश पुरतो. चेन पुसून कोरडी करा, प्रत्येक कडीवर थेंबभर तेल सोडा, पेडल उलटं फिरवा आणि वरचं तेल पुसून टाका, नाहीतर पुढच्या वेळी तिथेच धूळ बसते. सायकलचं झालं की गुडघ्यामागे, काखेत आणि कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड चिकटली आहे का ते बघा. असली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका.