मित्राला इंडी गेम सुचवायचा तर आधी त्याचा लॅपटॉप बघा

"एखादा वेगळा गेम सांग की रे" असं कोण म्हटलं की पूर्वी मी पंधरा-वीस इंडी गेमची, म्हणजे एकट्या-दुकट्यानं नाहीतर छोट्या टीमनं केलेल्या गेमची, नावं एका दमात टाकायचो, आणि त्यातला एकही गेम कुणी उघडून बघितला नाही. कारण साधं आहे, एवढी मोठी यादी बघून माणूस "नंतर बघू" म्हणतो आणि परत जुनंच क्रिकेट नाहीतर बंदुकीचा गेम लावतो. आता मी एका माणसाला एकच गेम सांगतो आणि त्याआधी त्याला तीन गोष्टी विचारतो: मशीन कसलं आहे, वेळ किती मिळतो, आणि एरवी कशात डोकं रमतं. फेवरेट गेम कुठला हे मी विचारतच नाही, सगळे तीच चार मोठी नावं सांगतात आणि त्यावरून काही कळत नाही.

पहिलं मशीन. माझा खानापूरचा एक दोस्त आहे, लॅपटॉप कॉलेजात असताना घेतलेला, ग्राफिक्स कार्ड नाही, आणि पावसाळ्यात लाईट गेली की नेटपण गेलं. अशा माणसाला ५० जीबीचा गेम सांगणं म्हणजे त्याला नाहीच म्हणणं. त्याला मी 'अ शॉर्ट हाइक' दिला, २०१९ चा छोटासा गेम, एकदा उतरवला की नेट लागत नाही, दीड-दोन तासांत संपतो. क्लेअर नावाचं एक पाखरू, तिला एका फोनची वाट बघायची आहे पण खाली रेंज नाही, म्हणून डोंगराच्या टोकावर चढायचं, एवढीच गोष्ट. वाटेत सोनेरी पिसं गोळा केली की जास्त उंच चढता येतं, आणि वर गेल्यावर तिथनं झेप घेऊन तरंगत खाली यायचं. जांबोटीच्या पुढं रेंजसाठी टेकाडावर चढून मोबाईल हवेत धरलेल्या माणसाला हा गेम समजावून सांगावा लागत नाही. आणि पैसेच घालायचे नसतील तर 'केव्ह स्टोरी' आहे, एका जपानी माणसानं नोकरी सांभाळून जवळपास पाच वर्षं एकट्यानं केलेला आणि २००४ साली फुकट सोडलेला, ती जुनी आवृत्ती कसल्याही डबड्यावर चालते.

दुसरं वेळ आणि तिसरं डोकं, हे दोन्ही मी एकत्रच बघतो. मावसभाऊ बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनवर आहे, शिफ्ट करून आल्यावर त्याच्याकडं तासभर असतो, त्यात चाळीस तासांची कथा कशी बसणार? पण जॉब, म्हणजे मशीनवर करायचा पार्ट, कमी वेळात कसा निघेल, हात कुठं वाचेल, हे त्याच्या डोक्यात सारखं चालू असतं. त्याला 'ओपस मॅग्नम' दिला, झॅकट्रॉनिक्सचा, २०१७ चा. त्यात तुम्ही किमयागार, छोटे छोटे यांत्रिक हात मांडून त्यांना फिर, पकड, सोड असं शिकवायचं आणि कच्च्या मालापासून मागितलेली वस्तू करायची. उत्तर एकच नसतं, गेम तुमची मशीन तीन मापांनी मोजतो: खर्च किती, सायकल (म्हणजे मशीनच्या पायऱ्या) किती लागल्या, जागा किती व्यापली. आधी मला म्हणाला, "अरे दिवसभर तेच करालोय, घरी येऊन परत तेच व्हय?" मी म्हटलं, दोन कोडी सोडव, नाही आवडलं तर पैसे परत घे.

पैसे परत घ्यायचं हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातनं घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो, म्हणून गेम सुचवताना हे पण सांगा, समोरच्याची भीती निम्मी कमी होते. फक्त शॉर्ट हाइकसारखा गेम अख्खा संपवून परत करू नका, तो बनवणाऱ्या एका-दोघांच्या पोटाचा विषय असतो. डेमो असेल तर तो आधी. आणि रिव्ह्यू वाचताना नापसंतीचे आधी वाचा, "फार हळू आहे" किंवा "मारामारी नाही" अशी तक्रार असेल तर तुमच्या माणसाला कदाचित नेमकं तेच पाहिजे असतं.

आता माझा सगळ्यात लाडका, आणि बेळगावच्या माणसाला मी डोळे झाकून सांगतो तो, 'चँट्स ऑफ सेनार'. फ्रान्समधल्या रंडिस्क नावाच्या छोट्या टीमनं केलेला, २०२३ चा. एक प्रचंड मोठा मनोरा, त्यात मजल्या-मजल्यावर वेगवेगळे लोक, प्रत्येकाची भाषा वेगळी, लिपी वेगळी, आणि एकाचं दुसऱ्याला कळत नाही. तुम्हाला कुठलीच येत नाही. दारावरची पाटी, भिंतीवरचं चित्र, समोरचा माणूस हात करून काय म्हणतोय ते बघून खुणेचा अर्थ अंदाजानं वहीत लिहायचा, आणि वहीच्या पानावरचे सगळे अंदाज चित्रांशी बरोबर जुळले की मगच ते शब्द पक्के होतात. अनेकवचन करायची रीतसुद्धा भाषेगणिक बदलते. मला खेळताना लहानपणीचा बस स्टँड आठवला, कन्नड वाचता येत नव्हतं तेव्हा बसच्या पाटीवरच्या अक्षराच्या आकारावरून मी गाव ओळखायचो, गोल असं आलं की ही आपली बस. पुढं तर दोन मजल्यांवरच्या लोकांमध्ये दुभाषी व्हायची वेळ येते, आणि आपल्याकडं गल्लीत ज्यानं आज्जीचं मराठी आणि शेजारच्या अज्जीचं कन्नड एकमेकींना सांगितलंय त्याच्या पोटात तिथं नक्की काहीतरी हलतं. लपून जायचे काही भाग मला कंटाळवाणे वाटले, ते आधीच सांगून ठेवतो.

हे आधी सांगणं महत्त्वाचं आहे. गेम कुठं अडतो ते सांगा, गोष्ट मात्र सांगू नका. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' सुचवताना एवढंच म्हणा की १८०७ साली ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज परत आलंय, वर कोणीच नाही, ६० जणांचं काय झालं ते तू शोधायचं, आणि वही-पेन घेऊन बस. पुण्यातल्या टीमनं केलेला 'राजी' दिसायला फार देखणा आहे, मारामारी तेवढी पुढं पुढं तीच ती होते. वहिनींना मी 'वेन्बा' दिला, कॅनडात गेलेल्या तमिळ घराची गोष्ट, आईची पाककृतीची वही फाटलेली, पुसलेली, त्यावरून इडली कशी करायची ते ओळखायचं. त्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नव्हता पण इडलीच्या भांड्यापाशी एकदाही अडल्या नाहीत.

गेम दिल्यावर आठ दिवसांनी विचारा, कुठवर आलास? सोडला असेल तर कुठं सोडला ते विचारा, पुढचा गेम त्यातूनच सापडतो. ओपस मॅग्नममध्ये आपल्या मशीनची हलती जीआयएफ काढता येते, परवा रात्री एक वाजता मावसभावानं तसली एक पाठवली, खाली लिहिलेलं, "दोन सायकल अजून वाचतील बघ, उद्या करतो."